कानाला ‘’ल’, तोंडाला ‘विल’: इंग्रजी भविष्यकाळाचा ऐकून-बोलून सराव

शाळेत इंग्रजी भविष्यकाळ एका ओळीत उरकतो: ‘शॅल’ किंवा ‘विल’, आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप. पेपराला तेवढं पुरतं. पण फोनवर समोरचा “आय’ल सेंड इट टुनाइट” म्हणतो आणि आपल्याला ऐकू येतं “आय सेंड इट टुनाइट”. मग आपली पाळी आली की तोंडातून निघतं, “ओके, आय चेक अँड टेल यू.” नियम दोन्ही वेळा माहीत असतो. अडतं ते दुसरीकडेच. बोलण्यातल्या इंग्रजीत भविष्यकाळाची खूण म्हणजे बऱ्याचदा जेमतेम एक ‘ल’ असतो, तोही अर्धा गिळलेला. शिवाय आपली मराठी बोलताना भविष्यातलं काम सर्रास वर्तमानकाळात सांगते (“मी बघून सांगतो”), कधी तर भूतकाळात (“आलोच!”). म्हणून हा सराव व्याकरणाच्या वहीत करण्यात अर्थ नाही. आधी कान, मग तोंड, आणि नियम लागतील तेवढेच.

साहित्य फार नाही: ध्वनिमुद्रणाची सोय असलेला फोन, कानात घालायचे इअरफोन (फोनच्या स्पीकरवर हा ‘ल’ सहज हरवतो), एक वही, आणि जमल्यास एक जोडीदार. रोज वीस मिनिटं पुरे. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं कानाला जास्त मानवतात.

रूपं चार, प्रसंग चार

सराव सुरू करण्यापूर्वी कोणतं रूप कधी, एवढं डोक्यात हवं.

दारावरची बेल वाजली आणि तुम्ही उठलात. मराठीत “मी बघतो”, इंग्रजीत “आय’ल गेट इट”. जागच्या जागी घेतलेला निर्णय, मदतीची तयारी, दिलेला शब्द, हे सगळं ‘विल’चं, बोलताना त्याचा ‘’ल’ होतो.

काम आधीच मनाशी ठरलेलं असेल तर ‘गोइंग टु’: “आय’म गोइंग टु सेल द कार.” समोर लक्षण दिसतंय तिथेही हेच. आभाळ भरून आलंय, वारा सुटलाय: “इट्स गोइंग टु रेन.”

दुसऱ्या कुणाशी बोलून वेळ-ठिकाण पक्कं झालेलं असेल तर साधा चालू वर्तमानकाळ: “आय’म सीइंग द डेंटिस्ट ऑन फ्रायडे.”

वेळापत्रकातलं असेल तर साधा वर्तमानकाळ: “द डेक्कन क्वीन लीव्हज पुणे अ‍ॅट सेव्हन फिफ्टीन.”

मराठीचा इथे उपयोगही होतो. “मी येईन” आणि “मी येणार आहे” यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. पहिल्यात थोडी मोकळीक आहे, दुसरं ठरलेलं आहे. ‘येईन’ला ‘विल’ आणि ‘येणार आहे’ला ‘गोइंग टु’, एवढी जोडी धरली तरी बहुतेक वेळा निभावतं. घोटाळा होतो तो “मी आणतो”, “मी करतो”, “मी आलोच” यांच्यात, कारण तिथे मराठी क्रियापद भविष्याचं दिसतच नाही. या प्रकाराचा सराव पुढे वेगळा दिला आहे.

‘शॅल’चं ओझं मात्र उतरवून ठेवा. ‘आय’ आणि ‘वी’ला ‘शॅल’, बाकीच्यांना ‘विल’ ही जुनी वाटणी आजच्या बोलण्यात जवळजवळ उरलेली नाही. ‘शॅल’ टिकलं आहे ते मुख्यतः प्रश्नात, आणि तिथे ते आपल्या ‘-ऊ का’शी तंतोतंत जुळतं. “दार उघडू का?” म्हणजे “शॅल आय ओपन द डोअर?” आणि “निघू या का?” म्हणजे “शॅल वी गो?”

पहिला आठवडा: फक्त कान

या आठवड्यात संवाद बोलायचे नाहीत. हे रूप कानाला कसं लागतं ते आधी पाहू.

“आय’ल” भरभर बोलताना “आल”च्या जवळ जातं. “यू’ल”चं “यल”, “ही’ल”चं “हिल”, “शी’ल”चं “शिल”, “दे’ल”चं “देल”. “वी’ल” घाईत थेट “विल”सारखंच ऐकू येतं. त्यामुळे ऐकणारा गोंधळतो: ‘विल’ ऐकू आलं, पण ‘वी’ कुठे गेलं? ते त्यातच आहे. “इट’ल” म्हणजे “इटल”. अमेरिकी तोंडी “इडल”. “दॅट’ल”चं तसंच “दॅडल”. “देअर’ल” म्हणजे “देरल”.

या सगळ्यांच्या शेवटचा ‘ल’ आपल्या ‘लाल’मधला नाही. जिभेचं टोक वरच्या दातांमागे असतंच, पण त्याच वेळी जिभेचा मागचा भाग घशाच्या बाजूला वर उचललेला असतो. त्यामुळे आवाज ‘उ’ आणि ‘ल’ यांच्या मधला येतो. कित्येकदा, लंडनकडच्या बोलीत विशेषकरून, टोक लागतही नाही आणि नुसता ‘उ’ किंवा ‘ओ’ उरतो. मराठी कान ‘ल’ची वाट बघत बसतो आणि तो येतच नाही. काही जण याला ‘ळ’ समजून तसा उच्चार करतात, तेही चूक. ‘ळ’ला जिभेचं टोक मागे वळून टाळूला फटका मारतं, इथे टोक वळत नाही.

कान तयार करायचा तो जोड्यांवर. वहीत अशा बारा जोड्या लिहा:

“आय कॉल हिम” – “आय’ल कॉल हिम”
“वी पे इन कॅश” – “वी’ल पे इन कॅश”
“दे लिव्ह इन ठाणे” – “दे’ल लिव्ह इन ठाणे”
“यू नीड अ टिकेट” – “यू’ल नीड अ टिकेट”
“आय लेट यू नो” – “आय’ल लेट यू नो”

जोड्या करताना दोन गोष्टी सांभाळा. वाक्यात ‘टुमॉरो’, ‘एव्हरी डे’ असे शब्द घालू नका. नाहीतर कान त्या शब्दावरून उत्तर ओळखतो आणि ‘ल’ ऐकायची गरजच उरत नाही. आणि सुरुवातीला ‘ही’, ‘शी’ टाळा, कारण “ही कॉल्स” आणि “ही’ल कॉल” यांत शेवटचा ‘स’ चुगली करतो.

सोपं-अवघड असा क्रमही लावता येतो. क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर ‘ल’ त्याला जाऊन चिकटतो आणि स्पष्ट ऐकू येतो: “आय’ल आस्क” म्हणजे “आय-लास्क”. इथून सुरुवात करा. मग व्यंजनाने सुरू होणारी क्रियापदं घ्या. सगळ्यांत अवघड ‘ल’नेच सुरू होणारी: ‘लेट’, ‘लीव्ह’, ‘लुक’. तिथे दोन ‘ल’ एकमेकांत मिसळतात. फरक उरतो तो ‘ल’ किंचित लांबण्याचा. ती शेवटच्या दोन दिवसांसाठी ठेवा.

प्रत्येक जोडीतलं एक वाक्य जोडीदाराने वाचायचं, कोणतं ते त्याच्या मनावर. तुम्ही बोटाने दाखवायचं: एक बोट म्हणजे रोजचं, दोन बोटं म्हणजे पुढचं. बारापैकी दहा बरोबर येईपर्यंत पुढे जाऊ नका. जोडीदार नसेल तर वाक्यं उलटसुलट क्रमाने फोनवर मुद्रित करा, क्रम वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर क्रम आठवतो. स्वतःचा आवाज पुरेसा नाही हे खरं, म्हणून ऑनलाइन शब्दकोशांमधली ध्वनिफीतही सोबत ऐका. तिथे ‘आय’ल’, ‘वी’ल’ यांचे उच्चार ब्रिटिश आणि अमेरिकी असे वेगवेगळे मिळतात.

‘गोइंग टु’चं आखडणं वेगळ्या जातीचं आहे. पुढे क्रियापद असेल तर ते “गोइन-टे”, “गोअना” करत “गना”पर्यंत येतं, आणि “आय’म गोइंग टु” सगळं मिळून “आम्गना” होतं. पुढे गावाचं नाव असेल तर ते ‘गना’ होत नाही. म्हणून “आय’म गोइंग टु पे” आणि “आय’म गोइंग टु पुणे” ही जोडी कानाला फार उपयोगी: पहिल्यात ‘गना’ येऊ शकतं, दुसऱ्यात कधीच नाही. ‘गना’ ओळखता यायला हवं; बोललंच पाहिजे असं नाही. कार्यालयाच्या मेलमध्ये तर लिहूच नका.

उरला ‘वोन्ट’, म्हणजे ‘विल नॉट’. आपण ‘वोन्ट’ आणि ‘वॉन्ट’ दोन्ही एकाच तोंडाने म्हणतो आणि “मी जाणार नाही”चं “मला जायचंय” होऊन बसतं. ‘वोन्ट’मध्ये ‘ओ’ म्हणता म्हणता ओठ ‘उ’कडे आवळत जातात, “वोउन्ट”. ‘वॉन्ट’मध्ये तोंड उघडं राहतं. ऐकताना आणखी एक खूण: ‘वॉन्ट’च्या पुढे क्रियापद येताना मध्ये ‘टु’ लागतो, ‘वोन्ट’च्या पुढे थेट क्रियापद. “आय वोन्ट बी लेट” घाईत “आय वोम्बी लेट” होतं, ‘ट’ गायबच. फोनच्या व्हॉइस टायपिंगवर उच्चार तपासायचा असेल तर हे शब्द सुटे म्हणा. अख्खं वाक्य म्हटलं तर यंत्र संदर्भावरून बरोबर शब्द टाकतं आणि आपला उच्चार सुधारला असं वाटू लागतं.

काय ऐकायचं

सराव म्हणून लोक स्थानकावरच्या आणि मेट्रोतल्या घोषणा ऐकतात. “डोअर्स विल ओपन ऑन द लेफ्ट” यातलं ‘विल’ पूर्ण आणि खणखणीत असतं, म्हणून कान तयार करायला त्याचा उपयोग नाही. विमानातलं बोलणं त्यापेक्षा बरं: “वी’ल बी लँडिंग इन अबाउट ट्वेंटी मिनिट्स.” ब्रिटनच्या हवामान खात्याचे, म्हणजे मेट ऑफिसचे रोजचे अंदाज यूट्यूबवर असतात, भविष्यकाळाने भरलेली ती दोन-तीन मिनिटं असतात. बीबीसी लर्निंग इंग्लिशच्या ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ची संहिता संकेतस्थळावर मिळते, त्यामुळे ताडून पाहता येतं. त्यात सुरुवातीला एक प्रश्न विचारून उत्तर शेवटी देतात, म्हणून “आय’ल” आणि “वी’ल”ची वाक्यं हमखास सापडतात.

तरी मराठी माणसासाठी आमची पहिली पसंती क्रिकेटच्या नाणेफेकीला. नाणेफेक झाल्यावर दोन्ही कर्णधारांशी मिनिट-दीड मिनिट बोलणं होतं. विषय आपल्याला पाठ, शब्द थोडे, आणि तेवढ्यात वर सांगितलेली रूपं जवळजवळ सगळी येऊन जातात. नमुन्यादाखल आम्ही रचलेला एक तुकडा:

“वी’ल बॅट फर्स्ट. इट लुक्स अ गुड विकेट, बट इट’ल प्रॉबब्ली स्लो डाउन लेटर ऑन. देअर आर अ फ्यू क्रॅक्स ऑलरेडी, सो इट्स गोइंग टु टर्न. वी’आर प्लेइंग टू स्पिनर्स. वी’ल सी हाउ इट गोज.”

पहिल्या वाक्यात निर्णय जाहीर होतो, म्हणून ‘’ल’. ‘स्लो डाउन’ हा कर्णधाराचा अंदाज, खात्री नाही, म्हणून पुन्हा ‘’ल’ आणि सोबत ‘प्रॉबब्ली’. भेगा डोळ्यांना दिसताहेत, म्हणून ‘गोइंग टु टर्न’. संघाची यादी आधीच देऊन झाली आहे, म्हणून ‘वी’आर प्लेइंग’. खऱ्या मुलाखतीत “वी’ल बोल” आणि “वी’आर गोइंग टु बोल” दोन्ही ऐकू येतील. घरूनच ठरवून आलेला कर्णधार दुसरं म्हणाला तर ते चपखल, पण सगळे इतका विचार करून बोलत नाहीत. त्यावरून वाद घालू नका.

तुकडा ऐकायचा तो असा. चाळीस ते साठ सेकंदांचा भाग निवडा, त्याहून मोठा नको. पहिल्यांदा न थांबता, उपशीर्षकं बंद ठेवून ऐका. फक्त कोण काय करणार एवढं समजलं की पुरे. दुसऱ्या वेळी भविष्याचं रूप ऐकू आलं की वहीत एक रेघ मारा. तिसऱ्या वेळी वाक्यावाक्याला थांबून लिहा. यूट्यूब संगणकावर असेल तर डावा बाण पाच सेकंद आणि ‘जे’ दहा सेकंद मागे नेतो. मोबाइलवर पडद्याच्या डाव्या बाजूला दोनदा टिचकी मारा. एक वाक्य तीनपेक्षा जास्त वेळा ऐकूनही लागत नसेल तर जागा मोकळी सोडा. चौथ्या वेळी वेग 0.75 करा आणि मोकळ्या जागा भरा. 0.5 वर जाऊ नका. आवाज ताणला जातो आणि ‘ल’ शेजारच्या स्वरात विरघळतो, म्हणजे नेमकं हवं तेच जातं. पाचव्या वेळी उपशीर्षकं लावून ताडा, पण आपोआप तयार होणाऱ्या उपशीर्षकांवर पूर्ण भिस्त नको. ती ‘’ल’ कधी गाळतात, कधी नसलेला घालतात. शंका आली तर अर्थ बघा. कर्णधार “वी बॅट फर्स्ट” म्हणाला असं दिसलं, तर ते “वी’ल” असण्याचीच शक्यता मोठी.

लिहून झालेला तुकडा दुसऱ्या दिवशी बोलायचा: आवाज सुरू ठेवून, त्याच्या अर्ध्या सेकंदामागून, सावलीसारखं. शब्दांपेक्षा जोर कुठे पडतो ते पकडा. “आय’ल कॉल यू टुमॉरो” यात जोर ‘कॉल’ आणि ‘मॉ’वर आहे, ‘’ल’वर शून्य. मराठी तोंड प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतं, त्यामुळे “आय विल कॉल यू” असं चार समान घाव घातल्यासारखं होतं. इंग्रजी कानाला ते हट्टाने बोलल्यासारखं वाटतं, कारण पूर्ण आणि जोर दिलेलं ‘विल’ तिथे “करेनच करेन” या अर्थी वापरतात. फक्त एका जागी पूर्ण ‘विल’ लागतंच: छोट्या उत्तरात. “यस, आय विल.” इथे “यस, आय’ल” चालत नाही, वाक्याच्या शेवटी हा ‘’ल’ उभा राहू शकत नाही.

तोंडाचा सराव: दोन सेकंदांत उत्तर

आता तो ‘मी आणतो’चा प्रकार. पंधरा छोटे प्रसंग कागदाच्या चिठ्ठ्यांवर मराठीत लिहा: फोन वाजतोय. दूध संपलंय. पिशवी जड आहे. वायफाय बंद पडलं. रिक्षा मिळत नाहीये. चहा की कॉफी? जोडीदाराने चिठ्ठी वाचायची आणि तुम्ही दोन सेकंदांच्या आत इंग्रजीत काय करता ते सांगायचं.

“आय’ल गेट इट.”
“आय’ल गेट सम ऑन द वे होम.”
“आय’ल कॅरी इट.”
“आय’ल रीस्टार्ट द राउटर.”
“आय’ल ड्रॉप यू ऑफ.”
“आय’ल हॅव टी, थँक्स.”

दोन सेकंदांची अट महत्त्वाची आहे. जास्त वेळ मिळाला की माणूस मनात “मी घेतो चहा” म्हणतो आणि मग “आय टेक टी” असं भाषांतर बाहेर येतं. एकटे असाल तर प्रसंग चार-चार सेकंदांची जागा सोडून मुद्रित करा. स्वयंपाक करताना, चालताना लावून उत्तरं देता येतात.

तीन दिवसांनी त्याच चिठ्ठ्यांवर दुसरी फेरी. आता जोडीदार वाक्यासोबत एक किंवा दोन बोटं दाखवेल. एक बोट म्हणजे ही गोष्ट तुम्हाला आत्ताच कळली. दोन म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होती आणि करायचं ठरलेलं आहे. “दूध संपलंय”, एक बोट: “ओह, आय’ल गेट सम.” दोन बोटं: “आय नो, आय’म गोइंग टु गेट सम.” दुसऱ्या प्रसंगी “आय’ल गेट सम” म्हटलं तर व्याकरण चुकत नाही, पण ऐकणाऱ्याला वाटतं की हे तुमच्या ध्यानीमनीही नव्हतं. घरात त्याने काही बिघडत नाही, साहेबाने “अहवालाचं काय?” विचारल्यावर बिघडतं.

ठरलेल्या भेटीगाठींसाठी दोघांनी मिळून करायचा खेळ आहे. प्रत्येकाने आपापल्या कागदावर पुढच्या आठवड्याच्या संध्याकाळची पाच कामं लिहायची, दाखवायची नाहीत. मग फक्त बोलून दोघांची मोकळी एक तासाची वेळ शोधायची.

“व्हॉट आर यू डूइंग ऑन वेन्सडे इव्हनिंग?”
“आय’म टेकिंग माय मदर टु द आय हॉस्पिटल. हाउ अबाउट थर्सडे?”
“आय’म वर्किंग लेट. शॅल वी से सॅटर्डे?”
“फाइन. आय’ल बुक अ टेबल.”

शेवटचं वाक्य बघा. तिथपर्यंत सगळं आधी ठरलेलं होतं, टेबल मात्र आत्ता, बोलता बोलता ठरलं. रूप बदलतं ते इथे. ही जागा प्रत्येक खेळात आली पाहिजे, म्हणून शेवटी कुणी तरी काही तरी अंगावर घ्यायचंच असा नियम ठेवा.

अंदाज सांगताना दोन खोडी निघतात. “मला वाटतं तो येणार नाही” याचं आपण “आय थिंक ही वोन्ट कम” करतो. चूक नाही, पण रुळलेलं इंग्रजी नकार आधीच उरकतं: “आय डोन्ट थिंक ही’ल कम.” आणि ‘प्रॉबब्ली’ची जागा होकारात ‘’ल’च्या नंतर, नकारात ‘वोन्ट’च्या आधी: “इट’ल प्रॉबब्ली रेन”, “इट प्रॉबब्ली वोन्ट रेन”. रोज सकाळी खिडकीतून बघून अशी चार वाक्यं मोठ्याने म्हणा, दोन होकारी, दोन नकारी. जून-जुलैत विषयाला तोटा नाही.

“पोचलो की फोन करतो”

हे एक वाक्य नीट बघण्यासारखं आहे. पोचलेलो नाही, फोनही केलेला नाही. दोन्ही गोष्टी उद्याच्या. तरी मराठीत पहिलं क्रियापद भूतकाळी आणि दुसरं वर्तमानकाळी. इंग्रजीत हेच “आय’ल कॉल यू व्हेन आय गेट देअर”. फोन करण्याला ‘’ल’, पोचण्याला साधा वर्तमानकाळ.

आपल्याकडून इथे दोन प्रकारच्या चुका होतात. जो बोलता बोलता भाषांतर करतो तो “आय कॉल यू” म्हणतो. जो व्याकरण आठवून बोलतो तो दोन्हीकडे ‘विल’ घालतो: “व्हेन आय विल रीच, आय विल कॉल.” दुसरा जास्त मेहनती, आणि त्याची चूक जास्त चिवट, कारण “दोन्ही गोष्टी पुढच्याच आहेत ना?” हा त्याचा युक्तिवाद बिनतोड असतो. इंग्रजी एवढंच म्हणतं की भविष्य एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा नको. ‘व्हेन’, ‘इफ’, ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘अन्टिल’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ यांच्या लगेच पुढच्या तुकड्यात ‘विल’ घालायचं नाही. अपवाद प्रश्नाचा: “आय डोन्ट नो व्हेन ही’ल कम.” इथे ‘व्हेन’ म्हणजे ‘तेव्हा’ नसून ‘कधी’ आहे. मराठीत “कधी” बसत असेल तर ‘’ल’ चालतो, “की” किंवा “तेव्हा” बसत असेल तर नाही.

सरावाला साखळी वापरा. पहिला म्हणतो, “आय’ल कॉल यू व्हेन आय गेट होम.” दुसऱ्याने तिथूनच उचलायचं: “व्हेन यू कॉल, आय’ल टेल यू द प्राइस.” मग पहिला: “इफ द प्राइस इज राइट, आय’ल बाय इट.” प्रत्येक वेळी आधीच्याचं ‘’ल’वालं क्रियापद किंवा त्यातला नवा मुद्दा पुढच्याच्या वर्तमानात जातो. आठ कड्या न अडता झाल्या की जमलं. अडतं ते बहुधा चौथ्या-पाचव्या कडीला, वेग वाढल्यावर. तिथे थांबून दुरुस्ती करू नका; साखळी संपवा, मग मुद्रण ऐकून ‘व्हेन विल’ किती वेळा आलं ते मोजा.

कार्यालयातल्या तीन सवयी

“द मीटिंग वुड बी हेल्ड टुमॉरो.” ‘वुड’ जास्त नम्र वाटतं म्हणून आपल्याकडच्या मेलमध्ये ते जिथे तिथे दिसतं. पण इथे विनंती नाही, नुसती माहिती आहे, ‘विल’च हवं. परदेशातला वाचणारा “वुड बी हेल्ड, इफ…” असं मनात म्हणून पुढच्या अटीची वाट बघतो.

“आय’म रीचिंग इन टेन मिनिट्स.” हे “पोचतोच आहे” आहे. भारतात कुणी अडणार नाही. बाहेरच्यांशी बोलताना “आय’ल बी देअर इन टेन मिनिट्स” म्हणा.

तिसरी सवय प्रत्येक क्रियापदाला ‘विल बी -इंग’ लावण्याची: “आय विल बी सेंडिंग, आय विल बी चेकिंग.” हे रूप त्या वेळी चालू असणाऱ्या कामाचं (“अ‍ॅट नाइन आय’ल बी ड्रायव्हिंग, सो डोन्ट कॉल”) किंवा ओघाने होणाऱ्या गोष्टीचं. त्याचा खरा उपयोग हळुवार विचारण्यात आहे. “विल यू यूज द कार टुमॉरो?” यात थोडी मागणी डोकावते, “विल यू बी यूजिंग द कार टुमॉरो?” यात फक्त चौकशी आहे, समोरच्यावर दडपण नाही. शब्द देताना मात्र साधं “आय’ल सेंड इट बाय फाइव्ह” जास्त ठाम वाटतं.

दर रविवारी दोन मिनिटं

आठवड्याच्या शेवटी घड्याळ लावून दोन मिनिटं न थांबता बोला आणि मुद्रित करा. विषय आलटून पालटून: पुढचा आठवडा, गावातला रस्ता किंवा पूल पाच वर्षांनी, येणारी सहल. ऐकताना तीनच गोष्टी मोजा: जिथे ‘’ल’ हवा होता तिथे साधा वर्तमान किती वेळा आला, ‘व्हेन’-‘इफ’च्या पुढे ‘विल’ किती वेळा आलं, आणि पूर्ण ‘विल’ उगीच जोर देऊन किती वेळा म्हटलं. उच्चार, शब्दसंग्रह, अडखळणं, सगळं सध्या सोडून द्या. सगळंच सुधारायला बसलं की मुद्रण ऐकणंच नकोसं होतं. जो आकडा सर्वांत मोठा, त्याचाच सराव पुढच्या आठवड्यात.

आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांनी यात थोडी भर घालावी. तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते आणि तिच्या तिसऱ्या भागात परीक्षक चर्चा करताना भविष्याबद्दल हमखास काही विचारतो: पुस्तकं राहतील का, शहरं कशी होतील. तिथे दहा वाक्यांत दहा वेळा ‘विल’ आलं तर बोलणं एकसुरी होतं. खात्रीच्या पायऱ्या तोंडात बसवा: “आर बाउंड टु” (होणारच), “विल प्रॉबब्ली”, “आर लाइकली टु”, “माइट वेल” (होऊही शकेल), “आर अनलाइकली टु”. एकच प्रश्न घ्या, समजा छापील वर्तमानपत्रांचं काय होईल, आणि पाचही पायऱ्यांवरून एकेक वाक्य म्हणा. प्रत्येक वाक्यामागे लगेच ‘बिकॉज’ जोडा, म्हणजे पायरी नुसती सजावट राहत नाही: “स्मॉल टाउन पेपर्स माइट वेल सर्व्हाइव्ह, बिकॉज पीपल स्टिल वॉन्ट लोकल न्यूज.” ‘लाइकली’च्या आधी ‘आर’ किंवा ‘इज’ विसरणं ही इथली नेहमीची चूक. “पेपर्स लाइकली टु क्लोज” हे बातमीच्या मथळ्यात चालतं, परीक्षकासमोर नाही.